स्वभाव : कसा आणि का?

प्रगतिपुस्तकात शेरा लिहिताना आपण फार विचार करत नाही. 'मनमिळाऊ आहे', 'अबोल आहे', 'धांदरट आहे, लक्ष द्यावे'. दोन-तीन शब्दांत मुलाचा स्वभाव सांगून आपण मोकळे होतो. पण स्वभाव म्हणजे नेमके काय? तो मोजता येतो का? आणि एकाच घरात वाढलेली दोन भावंडे इतकी वेगळी का निघतात?

या प्रश्नांकडे मानसशास्त्राने दोन वाटांनी पाहिले आहे. एक वाट गुणवैशिष्ट्यांची, दुसरी उत्क्रांतीची. त्या एकमेकींच्या विरोधात आहेत असे वाटते. प्रत्यक्षात त्या दोन वेगळे प्रश्न विचारतात.

शब्दकोशातून स्वभावाकडे

पहिल्या वाटेची सुरुवात मोठी गमतीची आहे. माणसामाणसांतले जे फरक रोजच्या व्यवहारात महत्त्वाचे असतात, त्यांना भाषेत शब्द मिळालेलेच असणार, हा तिचा आधार. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८४ साली शब्दसंग्रह चाळून स्वभावाचे सुमारे हजार शब्द असावेत असा अंदाज केला. १९३६ साली अमेरिकेत गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी वेबस्टरचा मोठा कोश पालथा घातला आणि जवळजवळ १८,००० शब्द बाहेर काढले. त्यांतले सुमारे साडेचार हजार शब्द टिकाऊ स्वभावगुणांचे होते.

एवढ्या शब्दांचे करायचे काय? बडबडा माणूस बहुधा माणसांत रमणाराही असतो. टापटिपीचा माणूस बहुधा वेळही पाळतो. म्हणजे काही शब्द जोडीने वावरतात. शेकडो माणसांना अशा शब्दांवर गुण द्यायचे आणि कोणते शब्द एकत्र येतात ते गणिताने शोधायचे, या पद्धतीला घटक विश्लेषण म्हणतात. रेमंड कॅटेल यांना अशा रीतीने १६ घटक मिळाले. १९६१ मध्ये अर्नेस्ट ट्यूप्स आणि रेमंड क्रिस्टल यांना पाचच मिळाले, आणि पुढे अनेक संशोधकांना पुन्हा पुन्हा पाचच आढळले. ते असे : नव्या अनुभवांची ओढ, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौहार्द आणि भावनिक अस्थिरता.

हे माणसांचे पाच प्रकार नव्हेत, हे लक्षात ठेवायला हवे. या पाच मोजपट्ट्या आहेत. प्रत्येक माणूस पाचही पट्ट्यांवर कुठे ना कुठे असतोच, आणि उंचीप्रमाणेच बहुतेक जण मध्याच्या आसपास असतात.

या पट्ट्या उपयोगाच्या आहेत. उदाहरणार्थ, कर्तव्यदक्षता आणि परीक्षेतले यश यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. पण त्यांना मर्यादाही आहेत. एखाद्या प्रसंगी माणूस कसा वागेल, हे स्वभावचाचणीवरून फारसे सांगता येत नाही, असे वॉल्टर मिशेल यांनी १९६८ साली दाखवून दिले. सहसंबंधाचा आकडा क्वचितच ०.३ च्या वर जात होता. बोलिव्हियातील त्सिमाने या शेती व शिकार करणाऱ्या समाजात तर हे पाच घटक नीट वेगळे दिसलेच नाहीत, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

तिसरी अडचण तर्काची आहे. 'हा मुलगा बोलत का नाही?' 'अंतर्मुख आहे म्हणून.' 'अंतर्मुख आहे कशावरून?' 'बोलत नाही ना!' वर्णन झाले. कारण मिळाले नाही.

फरक उरलेच का?

कारणाचा प्रश्न उत्क्रांतीची वाट विचारते. आणि तिथे एक कोडे आहे. नैसर्गिक निवड उपयुक्त गुण राखते आणि बाकीचे गाळते. मग हजारो पिढ्यांनंतर सगळी माणसे एकाच 'उत्तम' स्वभावाची का झाली नाहीत?

जॉन टूबी आणि लीडा कॉस्मिडेस यांनी १९९० साली असे मांडले, की माणसाच्या मनाची मूळ रचना सर्वांत सारखीच आहे, आणि वारशाने येणारे स्वभावातले बरेचसे फरक हे बिनकामाचे किरकोळ चढउतार असावेत. डॅनियल नेटल यांनी २००६ मध्ये वेगळे उत्तर दिले. प्रत्येक गुणाला फायदा असतो तशी किंमतही असते. कोणता स्वभाव परवडेल, हे परिस्थितीवर ठरते. आणि परिस्थिती सतत बदलत असते.

हे नुसते तर्काने पटण्यासारखे नाही, पुरावा हवा. तो एका पक्ष्याने दिला. नेदरलँडमध्ये संशोधकांनी रानातले ग्रेट टिट हे चिमणीएवढे पक्षी पकडून एकेकाला अनोळखी खोलीत सोडले. खोलीत पाच कृत्रिम झाडे होती. काही पक्षी झटपट सगळीकडे फिरले, काही दबकत दबकत. परत परीक्षा घेतली तरी पक्ष्याची रीत बरीचशी तीच राहिली. मग त्यांना रानात सोडून कोण जगते, याची नोंद ठेवली. २००४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : एका वर्षी धीट पक्ष्यांना लाभ होई, तर दुसऱ्या वर्षी सावध पक्ष्यांना. नर आणि मादी यांच्यात तर हे नेमके उलटे असे. बीच वृक्षाच्या बिया कोणत्या वर्षी भरपूर आल्या, याच्याशी हा बदल जुळत होता. कोणताच स्वभाव कायमचा जिंकत नव्हता, म्हणून दोन्ही टिकून होते.

माणसांतही असा ताळेबंद दिसतो. ब्रिटनमधील प्रौढांच्या एका अभ्यासात बहिर्मुख व्यक्तींना जोडीदार अधिक मिळाले होते. पण अपघात वा आजारामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक होते.

दोन सावधगिऱ्या

उत्क्रांतीच्या नावाने कोणत्याही गुणाची सुरस कथा रचता येते. जी तपासता येत नाही ती कथाच समजावी. शिवाय, एखादा गुण निसर्गात टिकला म्हणजे तो योग्य, असेही ठरत नाही.

दुसरी सावधगिरी आनुवंशिकतेची. जुळ्यांच्या अभ्यासांवरून स्वभावातील फरकांचा सुमारे ४० ते ५० टक्के भाग आनुवंशिक मानला जातो. हा आकडा समूहातल्या फरकांचा आहे. एका मुलाचा अर्धा स्वभाव आईबापांकडून आला, असा त्याचा अर्थ नाही. त्यात एखादे 'लाजाळूपणाचे जनुक' नसून, अगदी थोडा थोडा परिणाम करणारी असंख्य जनुके असतात.

वर्गात करून पाहा

विद्यार्थ्यांना स्वभाव सांगणारे मराठी शब्द गोळा करायला सांगा : भिडस्त, तापट, लाघवी, चेंगट, आतल्या गाठीचा, मनमोकळा... शंभर शब्द सहज जमतील. मग ते पाच पट्ट्यांवर बसवून पाहा. काही शब्द कुठेच बसणार नाहीत. त्यांवर चर्चा रंगेल. नंतर प्रत्येक शब्दापुढे लिहायला सांगा : हा गुण कुठे उपयोगी पडेल आणि कुठे नडेल?

पहिल्या कामात 'कसा' आहे, दुसऱ्यात 'का'. दोन्ही केल्यावर 'अबोल आहे' हा शेरा पुन्हा वाचा. तो दोषाचा दाखला राहत नाही. एका पट्टीवरची, एका जागेवरून घेतलेली ती नोंद असते. तेच मूल मैदानावर, घरी, प्रयोगशाळेत कसे असते, हे पाहिल्यावरच तो शेरा पुरा करता येईल.