विसाव्या लेव्हलचा कर्ण

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे १९३९ पासून शिकवत होत्या. समाजशास्त्र आणि मानवशास्त्र हे त्यांचे विषय, पण मराठी घराघरांत त्या पोचल्या ‘युगान्त’मुळे. १९६७ साली आलेल्या या पुस्तकात त्यांनी महाभारतातल्या माणसांभोवतीचं तेजोवलय बाजूला केलं आणि मागे काय उरतं ते पाहिलं. भीष्म किती अजिंक्य होते यापेक्षा युद्ध सुरू झालं तेव्हा ते किती म्हातारे असतील, हा प्रश्न त्यांना मोलाचा वाटला. अफाट ताकदीच्या माणसाची गोष्ट सांगायची तर त्याची ताकद मोजून भागत नाही. या एका गोष्टीशी फासे टाकून खेळल्या जाणाऱ्या कल्पनारम्य खेळांचे नियम लिहिणारे गेली पन्नास वर्षं झगडत आहेत.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा त्यातला सर्वांत जुना आणि प्रसिद्ध खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण डंजन मास्टर होतो, म्हणजे जग, राक्षस आणि संकटं त्याच्याकडे. बाकीचे एकेक पात्र चालवतात. अवघड काही करायचं असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राचं कौशल्य मिळवायचं आणि बेरीज ठरलेल्या आकड्यापर्यंत पोचते का ते पाहायचं. अनुभव साठत जातो तशी लेव्हल वाढते.

पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला लांडग्याचा एक चावा पुरतो. सतराव्या लेव्हलला तोच जादूगार काळ थांबवतो, आकाशातून उल्का पाडतो. खरी अडचण उल्कांची नसते, कथेची असते. खुनाचं रहस्य रचावं, तर पुरोहित प्रेतालाच प्रश्न विचारतो. दूरच्या राज्यात पोचायचा प्रवास रचावा, तर सगळे एका मंत्रात तिथे हजर. लाडकं पात्र मेलं तर तेही परत उठवता येतं. अंतर, गुपित आणि मरण या तिन्ही गोष्टी हातातून गेल्यावर मास्टरने गोष्ट कशावर उभी करायची?

ही तक्रार खेळाइतकीच जुनी आहे. १९७६ साली देवदेवतांना आकडे देणारं ‘गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज’ हे पुस्तक आलं. त्याच्या प्रस्तावनेत टिम कास्क यांनी चाळीस-चाळीस लेव्हलची पात्रं मिरवणाऱ्यांना सुनावलं होतं: ओडिन या देवाधिदेवाचेच हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याची ताकद, तीनशे असतील, तर तुमच्या चव्वेचाळिसाव्या लेव्हलच्या सरदाराला गांभीर्याने कोण घेणार? उलट झालं असं की देवांना आकडे मिळाले म्हणजे त्यांना मारताही येतं, असाच अर्थ पुष्कळ खेळाडूंनी काढला. १९८० च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’मध्ये इंद्र, अग्नी, वरुण यांचेही तक्ते आहेत. ते वाचताना मला वाईट वाटतं. कारण देवाचा अपमान झाला हे नाही. ज्या परंपरेने शक्तीवरच्या बंधनांचा इतका बारकाईने विचार केला, तिच्याकडून या मंडळींनी फक्त शक्ती तेवढी उचलली.

शहाणपणाचे प्रयत्नही झाले. १९७८ च्या नियमांत ड्रुइड, म्हणजे निसर्गाचे पुजारी, यांची वरची पदं मोजकी होती. बाराव्या लेव्हलचे ड्रुइड नऊ, त्यांच्या वर तीन, सर्वांत वर एकच. वर जायचं तर त्या जागेवर बसलेल्याला द्वंद्वात हरवायचं. नुसता अनुभव पुरत नाही, जागा रिकामी व्हावी लागते. हा नियम मला फार आवडतो, कारण त्याने लेव्हलला एक समाज दिला. १९८४ च्या ‘कम्पॅनियन’ संचात फ्रँक मेंट्झर यांनी पंधराव्या लेव्हलच्या पुढच्या वीरांना जमीन दिली. मग महसूल, प्रजेचा विश्वास, शेजारच्या राज्याची फौज हे सगळं पाठोपाठ आलं. तलवार कितीही धारदार असली तरी तिने दुष्काळ हटत नाही. पुढे छत्तिसाव्या लेव्हलपर्यंत वाट होती, आणि १९८६ च्या ‘इम्मॉर्टल्स’ संचात अमर झालेलं पात्र अमरांच्या उतरंडीत पुन्हा तळाच्या पायरीवरून सुरुवात करी.

तिसऱ्या आवृत्तीत, २००० नंतर, गणितच फाटलं. विसाव्या लेव्हलला योद्ध्याच्या हल्ल्याला अधिक वीस, जादूगाराच्या हल्ल्याला अधिक दहा. पस्तिसाचं लक्ष्य असलेल्या राक्षसावर योद्ध्याला फाशावर पंधरा पुरतात. जादूगाराला पंचवीस हवेत, आणि फाशावर वीसच बाजू आहेत. योद्ध्याला जिथे झुंज द्यावी लागते तिथे दुसऱ्याला जवळजवळ वावच उरत नाही. २००२ च्या ‘एपिक लेव्हल हँडबुक’ने एकविसाव्या लेव्हलपासून सगळ्यांची ही वाढ सारख्याच गतीने होईल असं ठरवलं, म्हणजे दरी निदान रुंदावणार तरी नाही. त्याच पुस्तकात खेळाडूंना स्वतःचे महामंत्र घडवण्याची मुभा होती. मंत्र जितका मोठा तितका त्याचा आकडा अवघड, पण मदतीला आणखी जादूगार जोडले की तो आकडा उतरायचा. हुशार खेळाडूंनी एवढे मदतनीस जोडले की अशक्य ते सहज झालं. किंमत दुसऱ्यावर ढकलता आली की ती किंमत राहत नाही.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने आकडेच आवरले. कौशल्याची भर पहिल्या लेव्हलला दोन आणि विसाव्याला सहा, बस. त्यातला मला सर्वांत जवळचा वाटणारा नियम ‘विश’ या मंत्राचा. इच्छा बोलून दाखवायची आणि ती घडते. पण ठरलेल्या चौकटीबाहेरचं काही मागितलं तर शंभरात तेहेतीस शक्यता अशी की तो जादूगार हा मंत्र पुन्हा कधीच उच्चारू शकणार नाही. मागण्याआधी अख्खं टेबल थांबतं, एकमेकांकडे पाहतं.

हा क्षण आपल्याला नवा नाही. कर्णाने कवचकुंडलं देऊन इंद्राकडून शक्ती मिळवली ती एकदाच चालणारी. ती त्याने अर्जुनासाठी राखून ठेवली होती. चौदाव्या दिवसाच्या रात्री घटोत्कचाने कौरवसेनेची दाणादाण उडवली, सगळे कर्णाकडे पाहू लागले, आणि ती सुटली. घटोत्कचाच्या मृत्यूने पांडव कोसळलेले असताना कृष्णाला मात्र आनंद झाला, कारण त्याला हिशोब कळला होता. अस्त्राचा आकडा व्यासांनी दिलेला नाही आणि त्याची गरजही पडत नाही. किती वेळा, कोणासाठी आणि कशाच्या बदल्यात, एवढं सांगितलं की प्रसंग उभा राहतो. अर्जुन आणि अश्वत्थामा या दोघांनाही एकच महाअस्त्र येतं, पण ते परत घेणं एकट्या अर्जुनाला जमतं. कृष्णासारखा महाबली युद्धात आहे, तर त्याने शस्त्र धरायचं नाही ही अट. बलराम तर युद्ध सोडून तीर्थयात्रेला जातो. आणि मौसलपर्वात, कृष्ण गेल्यावर, अर्जुनाला गांडीव कसंबसं चढवता येतं, अस्त्रं आठवत नाहीत, वाटेत आभीर लुटारू यादवस्त्रियांना पळवून नेतात. लेव्हल उतरण्याचा नियम एवढ्या धीटपणे कुठल्याच नियमपुस्तकात मी वाचलेला नाही. चौथ्या आवृत्तीने, २००८ साली, तिसाव्या लेव्हलला प्रत्येक पात्राने जगातून कसं निघून जायचं याचे मार्ग लिहून दिले होते. सुंदर कल्पना होती ती, पण तिथलं जाणं विजयाचंच असतं.

म्हणून सतराव्या लेव्हलच्या पुढचं कॅम्पेन, म्हणजे लांब चालणारी कथा, चालवणाऱ्या मास्टरला माझं सांगणं आहे की राक्षसाचे हिट पॉइंट दुप्पट करू नका. तेवढ्याने लढाई फक्त लांबते. प्रत्येक खेळाडूला त्याच्या पात्राचं एक व्रत लिहायला सांगा: हे पात्र काय कधीच करणार नाही. आणि ते गुप्त ठेवू नका. युद्धाच्या नवव्या रात्री पांडव भीष्मांच्या शिबिरात जातात, तुम्हाला कसं पाडायचं असं त्यांनाच विचारतात, आणि ज्याच्यावर शस्त्र न उचलण्याचं त्यांचं व्रत आहे, त्या शिखंडीचं नाव भीष्म सांगतात. दहाव्या दिवशी काय होणार हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं, तरी तो दिवस थरारक होतो. टेबलावरही हेच घडू शकतं, मात्र एका अटीवर. व्रत खेळाडूने स्वतः निवडलेलं हवं आणि ते मोडण्याची वाटही उघडी हवी. मोडलं तर काय गमवायचं, हे पहिला फासा पडण्याआधी दोघांनी बसून ठरवावं.