दुरुस्त चित्र आणि मूळ चित्र

पौषांतल्या पहाटे न्हावऱ्याच्या उसाच्या मळ्यांवर धुकें पसरलें, कीं आमच्या ओसरीवरचा दिवा लख्ख दिसतो. पलीकडच्या विहिरीवरचा मात्र मिणमिणता भासतो. तो दिवा मंद नसतो. मधलें धुकें त्याचा प्रकाश गिळतें. वहिनींच्या आजारपणांत हेंच तत्त्व आम्हांस नव्यानें शिकावें लागलें.

कर्करोगाचा माग घेणारी 'पेट' नांवाची तपासणी आपल्या देशांत प्रथम २००२ सालीं मुंबईस परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्यें सुरू झाली. तींत किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेंतून टोचतात. अर्बुदाच्या, म्हणजे रोगट गांठीच्या, पेशी साखर अधिक ओढून घेतात. फ्लोरिनमधून निघालेला पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनास भेटतांच दोघेही लोपतात आणि दोन किरण विरुद्ध दिशांस धांवतात. दोन्ही एकदम टिपले गेले तरच नोंद होते. परंतु सुमारें सात सेंटिमीटर मांसांतून जातांना निम्मे किरण वाटेंतच खर्ची पडतात. अंगाची जाडी वीस सेंटिमीटर असल्यास सातांतून एखादीच जोडी सुखरूप बाहेर येते.

ह्या घटीस क्षीणन म्हणतात. तिची भरपाई न केल्यास त्वचा व फुफ्फुसें उगाच उजळ दिसतात आणि पोटांतील खोल गांठ नजरेंतून निसटण्याचा संभव असतो. म्हणून कोठें किती अडथळा आहे हें मोजून हिशेब पुरा करतात. पूर्वीं त्यासाठीं किरणोत्सर्गी जर्मेनियमची सळई शरीराभोंवतीं फिरवीत व बराच वेळ मोडे. पुढें सी.टी. यंत्र त्यास जोडलें गेलें आणि तें काम झटपट होऊं लागलें.

तथापि भरपाईही चुकूं शकते. वहिनींच्या आंतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेली; खुब्यांत धातूचा सांधा. त्या सांध्याभोंवतीं चित्रांत तेजस्वी डाग दिसला. रोग हाडांत गेला, ह्या धास्तीनें त्या रात्रीं घरांत कोणी धड जेवलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांनीं भरपाईपूर्वींचें चित्र शेजारीं ठेविलें. त्यांत डाग नव्हता! धातूमुळें सी.टी.नें अडथळा अवास्तव मोठा धरला, आणि नसलेलें तेज हिशेबांत चढलें. श्वासाच्या हालचालीनेंही यकृताच्या माथ्यावरची गांठ फुफ्फुसांत असल्याचा भास होतो.

खोलवरच्या रोगासाठीं दुरुस्त चित्रावांचून गत्यंतर नाहीं, आणि संशयाच्या जागीं मूळ चित्रावांचून खात्री नाहीं. वाचकहो, तपासणीपूर्वीं अंगांतील धातूची वस्तु डॉक्टरांस अवश्य सांगा. आणि धीर सोडण्यापूर्वीं 'दोन्ही चित्रें पाहिलींत ना?' एवढें नम्रपणें विचारा.