पालेभाजी खा, पण आणायची कुठून?

दोन महिन्यांपूर्वी मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतीत राहणाऱ्या एक ताई ओपीडीत आल्या. हिमोग्लोबिन आठ. मी लोहाच्या गोळ्या लिहिल्या आणि सवयीने म्हणालो, ‘‘रोज पालेभाजी खायची.’’ त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, बाजारात जाऊन यायला रिक्षाचेच पन्नास रुपये होतात. मग भाजी कशाने घेऊ?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 स्त्रियांना रक्तक्षय आहे. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान 400 ग्रॅम भाज्या-फळं खायला सांगते. पाच मोठ्या माणसांच्या घरात दोन किलो झाले. आता गंमत पाहा. हार्बर लाइनवर मानखुर्दनंतरचं स्टेशन वाशी, आणि मुंबईला भाजी पुरवणारा घाऊक बाजार तिथेच. भाजीचे टेम्पो खाडीपूल ओलांडून मानखुर्दवरूनच शहरात शिरतात, थांबतात मात्र पुढे.

कारण साधं आहे. पाच रुपयांचं वेफर्सचं पाकीट महिनोन्‌महिने टिकतं, म्हणून प्रत्येक टपरीवर लटकलेलं असतं. मेथीची जुडी संध्याकाळी माना टाकते. छोटा विक्रेता थोडाच माल घेतो, तो महाग पडतो, शिवाय सडलेल्याचा तोटा तो भावातच धरतो. आणि उन्हात पडलेल्या पाल्यातलं क जीवनसत्त्व झपाट्याने कमी होतं. भाजीतलं लोह शरीरात शोषलं जायला तेच मदत करतं. (म्हणून भाजीवर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा टाळा. हे फुकटचं औषध आहे.)

राज्य सरकारने 2016 मध्ये भाजीपाला-फळं बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केली, शेतकऱ्यांचे आठवडे बाजार सुरू झाले. चांगलंच झालं. पण फ्रिज नसलेल्या घरात आठवड्याची पालेभाजी ठेवणार कुठे? तिथून दुधी, लाल भोपळा, लिंबं आणावीत. पाल्यासाठी रोज दाराशी बसणारी भाजीवालीच हवी. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याची तरतूद आहे. पण इमारती बांधताना लिफ्ट आखली जाते, तिचा ओटा नाही. मग ती रस्त्यावर बसते आणि तिला उठवतात. माझ्या मते तिला बसू देणं हे आरोग्याचंच काम आहे.

परवा त्या ताई पुन्हा आल्या. हिमोग्लोबिन साडेनऊ. श्रेय बरंचसं गोळ्यांचं. पण मजल्यावरच्या सहा घरांनी पैसे काढून आठवड्यातून दोनदा पहाटेच्या गाडीने वाशीहून भाजी आणायला सुरुवात केली आहे. घाऊक माल एकटीला परवडत नाही आणि संपतही नाही, सहाजणींत वाटला जातो. जाता जाता त्यांनी पिशवीतून शेवग्याचा पाला काढून दाखवला, ‘‘हा चालेल का हो?’’

म्हटलं, चालेल काय, धावेल.