बाकावरून पाहिलेली जत्रा

कॉलेजच्या सहलीत पहिल्यांदा अम्युझमेंट पार्कात गेले, तेव्हा माझ्या वाट्याला आल्या त्या नऊ पिशव्या, चौघींचे चष्मे आणि एक बाक. रोलर कोस्टरच्या पहिल्या चढावरच पोटात गोळा आला, उतारावर श्वास अडकला आणि खाली उतरल्यावर अर्धा तास पायाखालची जमीन हलत राहिली. मग दिवसभर मी बसून राहिले. मैत्रिणी प्रेमानंच म्हणत होत्या, "अगं, अजून एकदा बस, भीती मोडेल." पण मला भीती वाटत नव्हती, मला ते आवडलं नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या दिवशी मला कुणाला पटवून देता आलं नाही. पुढच्या तीसेक वर्षांत आधी नवऱ्याबरोबर, मग मुलाबरोबर आणि अलीकडे सासूबाईंबरोबर देशात-परदेशात बरीच पार्कं पाहिली. प्रत्येक ठिकाणी माझी नजर आधी बाक शोधायची. त्या बाकावर बसून थोडं वाचलं, थोडी विचारपूस केली, आणि कळलं की आमच्यासारख्यांची जागा या बागांमध्ये मुळात कडेला नव्हतीच.

या शोधातली मला सगळ्यात प्रिय असलेली गोष्ट एका बाकाचीच आहे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात लाकडी घोड्यांचं मेरी-गो-राउंड आहे. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना घेऊन तिथे जात. मुली घोड्यांवर बसायच्या आणि वडील बाकावर शेंगदाणे खात त्यांच्याकडे बघत बसायचे. आईवडिलांना आणि मुलांना मिळून रमता येईल अशी एखादी जागा का असू नये, हा विचार आपल्याला त्या बाकावर सुचला, असं डिस्नेंनी स्वतः पुढे सांगितलं. 17 जुलै 1955 रोजी डिस्नेलँड उघडलं, तेव्हा तिथे एकही रोलर कोस्टर नव्हता. बागेला वळसा घालणारी वाफेच्या इंजिनाची गाडी होती, नदीतून संथ जाणारी 'मार्क ट्वेन' ही आगबोट होती, खोट्या हत्ती-मगरींमधून नेणारी जंगलाची नाव होती, घोड्यांचं चक्र होतं. पहिला रोलर कोस्टर आला 1959 साली. ज्या बागेच्या नावानं आज जगभर 'थीम पार्क' हा शब्द ओळखला जातो, तिची पहिली चार वर्षं मला बसता येईल अशा राइड्सवरच निघाली.

आणि डिस्नेंनाही हे काही शून्यातून सुचलं नव्हतं. 1951 मध्ये ते कोपनहेगनचं टिव्होली पाहून आले होते. टिव्होली उघडलं 15 ऑगस्ट 1843 रोजी. गेऑर्ग कार्स्टेन्सन नावाच्या माणसानं राजाकडून परवाना मिळवून शहराच्या तटाबाहेरच्या जागेवर ही बाग वसवली. तिथलं तळं म्हणजे जुन्या खंदकाचाच उरलेला तुकडा. घोड्यांचं चक्र आणि एक साधी घसरगाडी तेव्हाही होती, पण लोक यायचे ते फुलांचे ताटवे, दिव्यांची रोषणाई, वाद्यवृंद आणि गप्पांसाठी. लुम्बी हा संगीतकार पहिल्यापासून तिथला संगीतप्रमुख होता आणि त्यानं खास या बागेसाठी रचना केल्या. त्याच्याही आधी लंडनच्या व्हॉक्सहॉल बागेत हेच चालायचं. 1749 मध्ये संगीतकार हँडेलच्या एका रचनेची नुसती तालीम ऐकायला तिथे बारा हजार माणसं लोटली होती. फिरणं, बघणं, ऐकणं, खाणं आणि ओळखीची माणसं भेटली की उभं राहून बोलणं, एवढ्यावर माणसं पैसे मोजून आनंदानं संध्याकाळ घालवत.

मी टिव्होलीत गेले तो सप्टेंबरचा महिना होता. नवरा आणि मुलगा 1914 सालच्या लाकडी कोस्टरच्या रांगेत उभे राहिले. तिथे प्रत्येक गाडीवर अजून एक ब्रेक लावणारा माणूस बसतो, हे मुलाला फार आवडलं. मी पँटोमाइम थिएटरसमोर जाऊन उभी राहिले. हा रंगमंच 1874 पासूनचा. प्रेक्षक उघड्यावर आणि पडदा म्हणजे पिसारा फुलवलेला मोर. खेळ सुरू होताना तो पिसारा मिटतो, मोर खाली जातो, आणि मागे पांढऱ्या चेहऱ्याचा विदूषक पिएरो उभा असतो. एक शब्दही न बोलता चाललेली ती धांदल बघून शेजारची आजीबाई इतकी हसली की तिनं ओळख नसताना माझा दंड धरला. डॅनिश मला येत नाही आणि मराठी तिला येत नव्हती, पण त्या अर्ध्या तासात आम्ही दोघी एकाच ठिकाणी हसत होतो. त्या खेळाचं वेगळं तिकीट नव्हतं, बागेत शिरायच्या तिकिटातच ते येतं. राइड्सचे पैसे मात्र तिथे वेगळे. ज्याला बसायचंय त्यानं घ्यावं.

हे मला घरच्यासारखं वाटलं, कारण आपल्या जत्रेचा हिशोब हाच आहे. जत्रेला हौशे, नवशे, गवशे येतात असं आपण म्हणतो. त्या म्हणीत रहाटपाळण्यात बसणाऱ्याला वेगळा मान नाही आणि न बसणाऱ्याला कमीपणाही नाही. माझी आजी वर्षानुवर्षं गावच्या जत्रेला गेली, पण पाळण्यात कधी बसली नाही. देवदर्शन झालं की कासाराकडे बांगड्या भरायची, रेवड्या घ्यायची, आरसेमहालात स्वतःचं लांबडं झालेलं तोंड बघून पदर तोंडाला लावायची आणि शेवटी आम्हाला घेऊन मौत का कुआँच्या फळ्यांवर चढायची. खाली मोटरसायकल भिंतीवरून गरगरत वर यायची, फळ्या थरथरायच्या, आजी कठडा घट्ट धरायची. थरार तिलाही हवा होता, पण तो दुसऱ्यानं करावा आणि आपण दोन पाय जमिनीवर रोवून बघावा, असा. आजीनं आयुष्यात त्यासाठी स्वतःला भित्री म्हणवून घेतलं नाही.

रोलर कोस्टरची गोष्ट तर याहून नवलाची आहे. 1884 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसन यांनी जी लाकडी घसरगाडी उभारली, तिचा वेग ताशी सहा मैल होता, म्हणजे जेमतेम दहा किलोमीटर. भाडं पाच सेंट. आणि बसायची बाकं समोर तोंड करून नव्हती, कडेला तोंड करून होती, कारण गाडी उंचावर गेली की माणसांना समुद्रकिनारा आणि आजूबाजूचा देखावा दिसावा. पुढे त्यांनी रंगवलेल्या डोंगर-गुहांमधून जाणाऱ्या गाड्या बांधल्या, गाडी जवळ आली की देखाव्यावर दिवे लागायचे. ज्या यंत्रानं मला त्या सहलीत बाकावर बसवलं, त्याची आजी खिडकीतून बाहेर बघणाऱ्या माणसासाठी जन्मली होती.

मग आम्ही कडेला केव्हा गेलो? उंची आणि वेग वाढत गेले हे खरंच, पण माझ्या मते मोठा फरक तिकिटानं केला. डिस्नेलँडमध्ये सुरुवातीला आत शिरायचे पैसे वेगळे आणि प्रत्येक राइडचे वेगळे होते. मग तिकिटांची पुस्तकं आली, त्यांत ए पासून ई पर्यंतच्या चिठ्ठ्या. ई म्हणजे सगळ्यात मोठी राइड. 1982 मध्ये ही पुस्तकं गेली आणि एकदा पैसे भरले की सगळं खुलं, अशी पद्धत आली. आज आपल्याकडच्या मोठ्या पार्कांतही असंच एक तिकीट असतं. राइडवेड्या मुलांसाठी ही चैन आहे. पण त्याच घडीला न बसणारी माणसं जे वापरणार नाहीत त्याचे पूर्ण पैसे भरू लागली, आणि बाग बांधणाऱ्याला त्यांच्यासाठी वेगळं काही करण्याचं कारण उरलं नाही. घरातले सहा जण गेले आणि त्यात एक गरोदर, एक पाठीचा त्रास असलेला आणि एक सत्तरीची असली, तर तिघांचे पैसे सावली शोधण्यात जातात. गरोदर बाई, हृदयविकार, रक्तदाब, मानेचं दुखणं, यांना बसू नका असं तर मोठ्या राइडच्या दारावरच लिहिलेलं असतं. ही माणसं मूठभर नाहीत. प्रत्येक घरात एक तरी आहे.

या सगळ्या काळात जे आम्हाला विसरले नाहीत, त्यांत माझ्या लेखी पहिलं नाव नेदरलँड्सच्या एफ्टेलिंगचं. 1952 मध्ये चित्रकार आन्तोन पीक यांच्या रेखाटनांवरून तिथे परीकथांचं जंगल तयार झालं. खऱ्या झाडांमधली पायवाट, आणि वळणावळणावर एकेक गोष्ट. निजलेली राजकन्या आहे, जवळ गेलं की तिची छाती श्वासानं हलताना दिसते. लांब मानेचा माणूस मान उंच काढून डोकावतो. लाल बूट कुणी न घालता आपापले नाचतात. कागद खाणारा एक जाडजूड माणूस तोंड उघडून 'कागद इकडे' असं ओरडत असतो. त्याच्या तोंडात कचरा टाकला की तो ओढून घेतो आणि आभार मानतो. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्यानं माझ्या पर्समधली सगळी जुनी बिलं, बसची तिकिटं, शेवटी माझी सामानाची यादीसुद्धा त्या माणसाला भरवली, आणि नंतर वाटेवरचे कागद शोधत फिरला. तिथला पहिला मोठा कोस्टर, पायथन, आला 1981 साली, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी. त्यानंतर अनेक आले. पण जंगल त्यांनी मोडलं नाही, त्यात नव्या गोष्टी घालत राहिले. आणि 1993 मध्ये, कोस्टरच्या ऐन दिवसांत, टांगत्या गाडीतून पऱ्यांच्या रात्रीतून हळूच नेणारी 'ड्रोमव्ल्युख्त' उभी केली. एवढी मोठी रक्कम आणि एवढं कसब सौम्य राइडवर लावायला धीर लागतो. फ्रान्सच्या प्युई द्यु फूनं तर राइड्स ठेवल्याच नाहीत; 1978 च्या रात्रीच्या भव्य प्रयोगापासून वाढलेलं ते सगळं पार्क केवळ खेळ-प्रयोगांवर उभं आहे.

इथे एक अनुभवाची गोष्ट सांगायला हवी, कारण तिनं मला बरीच वर्षं चकवलं. सौम्य म्हणजे हळू, असं मी धरून चालले होते. पण खुर्ची जागच्या जागी हलते आणि समोरचा पडदा धावतो, अशा राइड्स माझ्यासारखीला छोट्या कोस्टरपेक्षा जड जातात. डोळे सांगतात आपण उडतोय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण बसलोय. त्या भांडणात मळमळ होते. खोपोलीजवळ 2013 मध्ये सुरू झालेल्या इमॅजिकात हे नीट समजलं. 'आय फॉर इंडिया'मध्ये मोठ्या पडद्यापुढे खुर्च्या उचलल्या जातात आणि आपण देशावरून उडत असल्याचा भास होतो. सासूबाई पूर्ण वेळ डोळे विस्फारून बघत होत्या, मी दोनदा मिटून घेतले. तेव्हा ज्याला उंची नको त्याचं आणि ज्याला गरगर नको त्याचं औषध एक नाही. अंधारातल्या नावेत बसण्याआधीही विचारावं: डिस्नेलँडच्या चाच्यांच्या नावेला आत दोन छोट्या घसरणी आहेत, बाहुल्यांच्या 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'ला एकही नाही. नकाशावर नुसतं 'कुटुंबासाठी' असं लिहून भागत नाही. राइड खाली पडते का, फिरते का, पडदा हलतो का, अंधार आहे का, एवढं लिहिलं तर कितीतरी माणसं बाकावरून उठतील. आणि बाकं, सावली, खेळांच्या वेळा दारातच लावलेल्या, न बसणाऱ्याचं कमी पैशाचं तिकीट, हे मागायला आपण संकोचू नये.

आपल्याकडे या मागण्या अवघड वाटायचं कारण नाही. मुंबईत मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट आपल्या कितीतरी पिढ्यांनी फक्त आत चढून बाहेर डोकावण्यासाठी पाहिला. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठात सिद्धगिरी संग्रहालयाच्या पुतळ्यांमधून फिरताना लोहार, कुंभार, नांगर धरलेला शेतकरी बघत म्हातारी माणसंच गाइड होतात, नातवंडांना त्यांनाच सगळं सांगायचं असतं. आणि पुण्यात पेशवे पार्कात 1956 पासून फुलराणी ही छोटी झुकझुकगाडी आहे.

सासूबाई पुण्याच्या. फुलराणी सुरू झाली तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या आणि वडिलांचं बोट धरून रांगेत उभ्या राहिल्या होत्या. काही वर्षांपूर्वी त्यांना घेऊन मी पुन्हा गेले. आमच्यासोबत लहान मूल नव्हतं, त्यामुळे तिकीट मागताना त्या जरा थबकल्या. खिडकीतल्या माणसानं काही न विचारता दोन तिकिटं दिली. डबा बुटका, त्यांना गुडघे जवळ घेऊन बसावं लागलं. गाडी झाडांमधून वळली, शिट्टी झाली, आणि त्यांनी बाहेर हात काढून कुणीच उभं नसलेल्या कठड्याकडे बघून हलवला. "तिथे माझे वडील उभे असायचे," त्या म्हणाल्या. फेरी संपल्यावर मी उठू लागले, तर त्यांनी पर्स उघडून सुटे पैसे माझ्या हातावर ठेवले.

"अजून एक फेरी घे," म्हणाल्या.