थेट नंबर नेमका कुठे वाजतो?

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या पत्रावर ‘ईपीएबीएक्स २६०९०००’ असा नंबर असतो. तिथल्या विभागांचे बरेचसे नंबरही २६०९ नेच सुरू होतात, शेवटचे अंक तेवढे बदलतात. मोठ्या ऑफिसात नंबरांची अशी मालिका दिसली, की तिथे बहुधा डीआयडी असते. म्हणजे बाहेरच्याने फिरवलेला नंबर ऑपरेटरच्या ‘धरा हं, जोडून देते’शिवाय थेट टेबलावर वाजतो.

शंभर नंबर म्हणजे शंभर तारा, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात एक्स्चेंजकडून ऑफिसात येणाऱ्या एका पीआरआय लाइनचे ३२ कप्पे असतात. त्यातले ३० बोलण्यासाठी, एक ताळमेळ राखण्यासाठी आणि एक निरोपासाठी. फोन आला, की टेलिफोन एक्स्चेंज निरोपाच्या कप्प्यातून कळवते, ‘अमुक नंबर फिरवलाय.’ पुढचे काम ऑफिसातल्या यंत्राचे, म्हणजे ईपीएबीएक्सचे. नंबर शंभर असले तरी एका वेळी बोलणी तीसच. एकतिसाव्याला एंगेज टोन. हल्लीच्या एसआयपी ट्रंकमध्ये तारेची जागा डेटा लाइन घेते, पण फिरवलेला नंबर कळवण्याचे तत्त्व तेच.

यंत्रात एक तक्ता भरलेला असतो : कोणता नंबर, कोणते एक्स्टेन्शन. घोळ होतो तो इथेच. कोल्हापूरचा कोड २३१ आणि पुढचे सात अंक मिळून नंबर दहा अंकी होतो. एक्स्चेंज कधी दहाही अंक पाठवते, कधी शेवटचे तीन-चारच. तक्त्यात तीन अंक भरलेत आणि आले दहा, तर यंत्राला जुळणी सापडत नाही आणि सगळे फोन ऑपरेटरकडे पडतात किंवा कट होतात. लाइनला दोष देण्याआधी अंक मोजावेत.

याहून अवघड प्रश्न, फोन कुणी उचललाच नाही तर? समजा, शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीच्या डिस्पॅचला रात्री नऊला पुण्याहून फोन आला, ‘गाडी निघाली का?’ दिवसा हा नंबर डिस्पॅच क्लार्ककडे वाजावा, चार रिंगनंतर विभागातल्या सगळ्या फोनवर. संध्याकाळी सहानंतर तो सेकंड शिफ्टच्या सुपरवायझरच्या मोबाइलवर वळवावा. हे वळवणे फुकट पडत नाही, एका फोनला आत येणारा आणि बाहेर जाणारा असे दोन कप्पे अडतात. शिवाय १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावे लागते. बऱ्याच ऑफिसांत बाहेरची लाइन घ्यायलाही शून्यच असते. अशा ठिकाणी दोन शून्ये लागू शकतात. एक विसरले, की दिवसभर नीट चाललेला नंबर रात्री मुका होतो.

तक्ता भरणारा तंत्रज्ञ हे सगळे करून देतो, पण फोन कुणाकडे जावा हे त्याने ठरवायचे नसते. साहेब निवृत्त होतात आणि त्यांचा नंबर वर्षभर रिकाम्या टेबलावर वाजत राहतो. थेट नंबर माणसाचा नसून कामाचा असतो, असे धरून चालले तर हे टळते. बदलीच्या आदेशाची एक प्रत टेलिफोन सांभाळणाऱ्यालाही द्यावी. महिन्यातून एकदा, ऑफिस सुटल्यावर, स्वतःच्या मोबाइलवरून आपल्याच ऑफिसचे महत्त्वाचे नंबर फिरवून पाहावेत. आपल्या ग्राहकाला रोज काय ऐकू येते, ते तेव्हाच कळते.