सूर बुडाले, छंद तरले

उत्तरेचा गडगडाट : लेखांक १४

या आठवड्यात नॉर्वेच्या एन्स्लेव्ह्ड या मेटल बँडवर लिहायचं कबूल केलं होतं. ते लांबणीवर टाकतोय. मागच्या लेखात बाथरीवाल्या क्वॉर्थनच्या ‘हॅमरहार्ट’ या वायकिंग मेटल अल्बमपर्यंत आलो होतो. तो वाचून साताऱ्याच्या एका वाचकाने एवढंच विचारलं : या सगळ्यात वायकिंगांचं स्वतःचं संगीत किती? प्रश्न एका ओळीचा आहे, पण तो तसाच सोडून नॉर्वेकडे निघालो असतो तर दर मुक्कामाला पुन्हा दारात उभा राहिला असता. शिवाय हा माझा लाडका विषय. कोणीतरी विचारावं म्हणून वाटच बघत होतो.

स्वरांपुरतं बोलायचं तर उत्तर आहे शून्य.

वायकिंग युग ढोबळमानाने ७९३ ते १०६६ असं धरतात. त्या काळातल्या नॉर्स गाण्याची लिहून ठेवलेली एकही सुरावट आपल्यापर्यंत आलेली नाही. स्कँडिनेव्हियात लिहिलेली, देवळाबाहेरची सर्वांत जुनी चाल सापडते ती साधारण १३०० सालच्या कोडेक्स रुनिकस या हस्तलिखितात. हे हस्तलिखित मुळात कायद्याचं. स्कोने प्रांताचे नियम रून लिपीत उतरवून काढलेत, आणि अगदी शेवटच्या पानावर कोणाला तरी एका स्वप्नाबद्दलच्या गाण्याच्या दोन ओळी स्वरांसकट लिहून ठेवायची हुक्की आली. जमिनीचे तंटे, दंड, वारसाहक्क आणि मग हे! विसाव्या शतकात डॅनिश रेडिओने दोन कार्यक्रमांमधल्या रिकाम्या वेळेसाठी हीच चाल उचलली आणि ती घराघरांत पोचली. पण ती लिहिली गेली तेव्हा शेवटचा वायकिंग मरून दोनशेहून जास्त वर्षं लोटली होती.

त्यानंतरचा पुरावा थेट १७८०चा. ला बोर्द या फ्रेंच लेखकाने संगीताच्या इतिहासावरच्या आपल्या अवजड ग्रंथात पाच आइसलँडिक चाली छापल्या. त्यात ‘व्होलुस्पा’ची एक चाल आहे. ‘व्होलुस्पा’ म्हणजे जगाचा आरंभ आणि अंत सांगणारं ते जुनं काव्य. मेटलवाल्यांनी एडातून, म्हणजे जुन्या नॉर्स कथाकाव्यांच्या ग्रंथांतून, जे काही उचललं त्यातलं निम्मं तिथलंच. ती चाल खरोखर प्राचीन असेलही. पण मधली सातशे वर्षं नुसत्या ‘असेलही’वर कशी ओलांडायची?

वाद्यं थोडी सापडली आहेत. इंग्लंडमध्ये यॉर्क गावी कॉपरगेटच्या उत्खननात दहाव्या शतकातली लाकडी पॅनपाइप मिळाली. तळहातावर मावेल एवढा लाकडाचा तुकडा, त्यात पोखरलेली भोकं, आणि फुंकर घातली तर आजही आवाज निघतो. गॉटलंड बेटावर ब्रोआला लायर या तंतुवाद्याची घोडी सापडली, तीही अंबरची. म्हणजे तारा छेडल्या जात होत्या हे नक्की. कुठल्या सुरात लावल्या होत्या, ते अंबर सांगत नाही.

आता आपल्या बँडांकडे या. नॉर्वेच्या वार्द्रुना या बँडच्या रेकॉर्डवर जो खरखरीत, घशातून आल्यासारखा सतत घुमणारा आवाज येतो तो तागेलहार्पाचा. हे घोड्याच्या केसांच्या तारांचं, गजाने वाजवायचं वाद्य. ऐकताक्षणी वाटतं, हाच तो हजार वर्षांपूर्वीचा नाद! पण गज उत्तर युरोपात रुळला तोवर वायकिंग युग आटोपत आलं होतं. नॉर्वेत अशा वाद्याचं ठळक चित्र दिसतं ते त्रोन्हाइमच्या कॅथीड्रलमधल्या चौदाव्या शतकातल्या दगडी शिल्पात. हार्डेंजर फिडल तर त्याहून कितीतरी अलीकडची.

यात वार्द्रुनाचा आइनार सेल्विक लबाडी करतो असं मुळीच नाही. गॉर्गोरोथसारख्या कडव्या ब्लॅक मेटल बँडचा ड्रमर होता हा माणूस. त्याने चोवीस रूनांवर तीन अल्बम केले (२००९, २०१३ आणि २०१६), प्रत्येकात आठ रून. बर्च झाडाच्या रूनसाठी तो रानात जाऊन बर्चच्या खोडांवरच ठेका वाजवून आला. जुनं संगीत जसंच्या तसं परत आणतोय असा दावा तो करत नाही. जुन्या साहित्यातून नवं काहीतरी रचतोय असंच सांगतो. दावा करतात ते ऐकणारे, आणि टी-शर्ट विकणारे.

आवाजाबद्दल एक साक्ष मात्र आहे, आणि ग्राउल करणारा प्रत्येक गायक ती खिशात घेऊन हिंडतो. दहाव्या शतकात अल-अंदलुसमधला प्रवासी अल-तर्तुशी हेडेबी या बंदरात गेला होता. तिथल्या लोकांच्या गाण्याबद्दल त्याने लिहिलं, की याहून भयंकर गाणं आपण ऐकलं नाही; घशातून गुरगुर निघते, कुत्र्याच्या भुंकण्यासारखी, किंबहुना त्याहूनही रानटी. झालं! आमच्या अमॉन अमार्थच्या योहान हेग्गला हजार वर्षांपूर्वीचं प्रमाणपत्रच मिळालं. पण जरा सबुरीने घ्या. मूळ मजकूर आपल्याला नंतरच्या अरबी ग्रंथातल्या उताऱ्यातून मिळतो, आणि लिहिणारा माणूस त्या काळच्या सर्वांत नटलेल्या दरबारी संगीताच्या मुलखातून आलेला. परक्याच्या गाण्याला भुंकणं म्हणायला फारसं काही लागत नाही. गावात पहिल्यांदा मेटल वाजलं तेव्हा शेजारीपाजारी काय म्हणाले, आठवून बघा.

तेव्हा प्रत्येक पिढीने आपापला वायकिंग आवाज घडवलाय. लेड झेपेलिनच्या रॉबर्ट प्लँटला १९७०च्या जूनमध्ये आइसलँडमध्ये रेक्याविकची मैफल करून आल्यावर ‘इमिग्रंट साँग’ची आरोळी सुचली, ती नॉर्स नाही, शंभर टक्के प्लँट आहे. (विषय सुटतोय, तरी सांगतो : ‘इमिग्रंट साँग’च्याच अल्बमवरचं ‘फ्रेंड्स’ हे गाणं प्लँट आणि त्याचा गिटारवादक जिमी पेज यांनी १९७२ साली मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. ते अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. जरूर ऐका.)

सूर बुडाले, ते बुडालेच. वाचलाय तो छंद. आणि मला आजचा लेख खरं म्हणजे त्यासाठीच लिहायचा होता.

छंद अस्सल वायकिंग काळातला आहे याला कागदाची साक्ष लागत नाही, कारण तो दगडावर कोरलेला आहे. स्वीडनमधल्या र्‍योक शिलेवर, नवव्या शतकात, साताठशे रूनांच्या त्या कोड्यात एक आख्खं कडवं फोर्निर्दिस्लाग या वृत्तात बसवलंय. ओलांद बेटावरच्या कार्लेव्ही शिलेवर साधारण इसवी सन १०००च्या आसपास एका सरदाराच्या स्मरणार्थ द्रोत्क्वेत वृत्तातलं पूर्ण कडवं आहे. द्रोत्क्वेत म्हणजे दरबारी कवींचं वृत्त, भयंकर किचकट. दगडात छिन्नीने अक्षर उमटवणाऱ्यालाही वृत्त मोडलेलं चालत नव्हतं.

साध्या फोर्निर्दिस्लागची गंमत एवढी : ओळीचे दोन अर्धे. प्रत्येक अर्ध्यात दोन आघात. दुसऱ्या अर्ध्यातला पहिला आघात हा मुख्य. तो ज्या अक्षराने सुरू होतो त्याच अक्षराने पहिल्या अर्ध्यातला निदान एक आघात सुरू झालाच पाहिजे, दोन्ही झाले तर उत्तम. चौथ्या आघाताने मात्र त्यात सामील व्हायचं नाही. मराठीत आपण आघात नव्हे, मात्रा मोजतो, तरी कानाला अंदाज यावा म्हणून एक ओळ जुळवतो :

वारा वळला, वादळ उठलं

तिसरा शब्द ‘वादळ’ हा खुंटा. ‘वारा’ आणि ‘वळला’ त्याला बांधलेले. ‘उठलं’ मोकळं. (ओळ माझी, दर्जाही माझाच.) आणखी एक मजा म्हणजे स्वरांनी सुरू होणारे शब्द कुठलेही एकमेकांशी जुळतात, आग, ऊन आणि ओल एकाच दावणीला चालतात. शेवटी यमक लागत नाही. सगळा जोर शब्दाच्या तोंडाशी. हे मोठ्याने म्हणा, आणि ठेका आपोआप पडतो. गिटारीचा रिफ बसवायला याहून सोयीचं वृत्त कोणी मुद्दाम शोधून काढलं असतं तरी सापडलं नसतं.

स्नोरी स्तुर्लुसॉनने १२२०च्या सुमारास आपल्या एडाच्या शेवटी ‘हाउत्तातल’ नावाचं प्रकरण जोडलं : १०२ कडवी, वृत्तांचे नाना प्रकार दाखवणारी, राजाची स्तुती हे निमित्त. बहुतेक वाचक एडातल्या थोर-लोकीच्या गोष्टी वाचतात आणि इथे पान उलटतात. आइसलँडच्या स्कालमॉल्द या मेटल बँडने मात्र ते उलटलं नाही. २००९ साली जमलेली ही मंडळी. बास वाजवणारा स्न्यायब्यॉर्न राग्नारसॉन गीतं लिहितो आणि सगळी जुन्या वृत्तांत, जुळणारी अक्षरं जागच्या जागी ठेवून. २०१०च्या ‘बाल्दुर’ अल्बममध्ये सलग एकच गोष्ट आहे. हा बाल्दुर देव नव्हे, साधा माणूस. घरच्यांची कत्तल होते आणि तो सुडाला निघतो. २०१३ साली त्यांनी रेक्याविकच्या हार्पा सभागृहात आइसलँड सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि गायकवृंद सोबत घेऊन ही गाणी वाजवली. ते चित्रीकरण बघताना वाद्यवृंदाकडे लक्ष जातं, पण एकदा डोळे मिटून नुसते शब्द ऐका. अर्थ कळायची गरज नाही. प्रत्येक ओळीतला खुंटा कानाला लागतो.

आइसलँडमध्ये हे जमतं कारण तिथे धागा पुरता तुटलाच नाही. चौदाव्या शतकापासून ‘रीमुर’ नावाची लांबलचक कथाकाव्यं घराघरांत म्हटली गेली. अशी काव्यं म्हणणारा शेतकरी-कवी स्वेन्ब्यॉर्न बेन्टेन्सॉन याने १९७२ साली जुन्या देवांची उपासना करणारी आउसात्रू संस्था काढण्यात पुढाकार घेतला, आणि दहा वर्षांनी ‘रॉक इ रेक्याविक’ या माहितीपटात पंक पोरांच्या गर्दीत हा पांढऱ्या दाढीचा बाबा रीमुर म्हणताना दिसतो. त्याच माहितीपटात कोवळी ब्यॉर्कही आहे. पंकवाल्यांपेक्षा बाबाच जास्त बंडखोर वाटतो, हे माझं मत.

आणि आता फॅरो बेटं. अठरा बेटं, पन्नास हजारांच्या वर थोडी वस्ती, आणि परंपरेत वाद्य जवळजवळ नाहीच. गाणं म्हणजे गळा आणि लाकडी जमीन. लोक हातात हात घालून साखळी करतात. डावीकडे दोन पावलं, उजवीकडे एक. पुन्हा डावीकडे दोन. खोली लहान पडली की साखळी स्वतःतच वळते, आणि एकमेकांसमोरून तोंडं सरकत जातात. म्होरक्या, ज्याला ते ‘स्किपारी’ म्हणतात, कडवं उचलतो आणि ध्रुपदाला झीलकऱ्यांसारखे सगळे तुटून पडतात. गोष्टीत लढाई आली की पावलं जोरात आपटतात, जमीन दणाणते. ड्रमसेट नसताना डबल बास ड्रमचा दणका कसा मिळवावा याचं हे उत्तर.

या गाण्यांची पहिली मोठी छापील नोंद कोणी केली असेल? समुद्रशेवाळ गोळा करायला आलेल्या माणसाने! हान्स क्रिस्टियन लिंगब्यू हा डॅनिश पाद्री आणि वनस्पतिशास्त्रज्ञ १८१७ साली शैवालाच्या अभ्यासासाठी फॅरोला गेला, आणि तिथे त्याच्या कानावर ड्रॅगन मारणाऱ्या सिगुर्डची, म्हणजे फॅरोच्या ‘स्यूर’ची गाणी पडली. जी कथा एडात विस्कळीत तुकड्यांत मिळते ती इथे कोळी आणि मेंढपाळ नाचत म्हणत होते. १८२२ साली त्याने पुस्तक छापलं, आणि ते फॅरोज भाषेतलं पहिलं पुस्तक ठरलं. शेवाळावरचा ग्रंथही त्याने लिहिला, पण मेटलवाल्यांना त्याचा काही उपयोग झालेला नाही.

तिथली मुलं १९९८ साली एकत्र आली आणि बँडचं नाव ठेवलं तिर, लांडग्याच्या जबड्यात हात गमावणाऱ्या देवाचं. २००२च्या पहिल्याच अल्बमवर त्यांनी ‘ओर्मुरिन लांगी’ घेतलं. राजा ओलाव ट्रिगव्हासॉनचं लांब सर्पनौकेवरचं शेवटचं युद्ध, ८६ कडव्यांचं. तिरने त्यातली मोजकीच उचलली, गिटारींना पावलांचा ठेका दिला, ध्रुपदाला सगळे आवाज एकत्र सोडले, आणि बेटांवर गाणं गाजलं. पुढच्या वर्षी ‘एरिक द रेड’वर ‘रेगिन स्मीउर’ आलं. ते तर लिंगब्यूला सापडलेल्या स्यूरच्या गाण्यांपैकीच.

साताऱ्याच्या वाचकाने इथे मला अडवावं, आणि अडवलं तर बरोबरच आहे. ‘ओर्मुरिन लांगी’ रचलं येन्स क्रिस्टियन ज्यूरहूस या शेतकऱ्याने, १८३०च्या सुमारास. साखळीनाचही मध्ययुगात युरोपातून आलेला, वायकिंग तो नाचलेच असतील असं नाही. म्हणजे इथेही हजार वर्षांपूर्वीचं असं हातात फार थोडं येतं : गोष्ट, नावं, आणि गोष्ट तोंडाने सांगायची सवय. तरीही शिंगं फुंकून, धूर सोडून, हाडं वाजवून केलेल्या ‘विधीं’पेक्षा मला तिरचं हे गाणं जास्त खरं वाटतं. त्यांनी पुराणवस्तू उकरून काढली नाही. आजोबा जे नाचत होते त्याला विजेची गिटार जोडली, एवढंच. असे ‘विधी’ करणाऱ्या हायलुंग बँडचे चाहते यावर रागावतील. रागावू देत, पत्रं येतील.

जागा संपली. एन्स्लेव्ह्ड पुढच्या वेळी, आणि या छंदाच्या भानगडीचा तिथे उपयोगच होणार आहे. १९९१ साली बँड काढला तेव्हा ईवार ब्यॉर्नसॉन तेरा वर्षांचा होता. १९९४च्या ‘विकिंगलिग्र वेल्दी’ची गीतं या नॉर्वेजियन पोरांनी बहुतांश आइसलँडिकमध्ये लिहिली. घरची भाषा सोडून त्यांनी हा उद्योग का केला, तिथून सुरुवात करू. तोवर ‘ओर्मुरिन लांगी’ ऐकून ठेवा. तिरचं आणि नुसत्या पावलांवरचं, दोन्ही.