हलकी गाडी, तिची शक्ती आणि तिचा सारथी

आपल्या मोहगाव-सौंसर-पांढुर्णा पट्ट्यात गाडीचा तोल म्हणजे काय, हे कोणाला मुद्दाम शिकवावे लागत नाही. बैलगाडीत ओझे मागे पडले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचे गळे आवळतात. ओझे फार पुढे आले तर तेच जू मानेवर बसते आणि जोडी वळायला नाखूष होते. विदर्भातील शंकरपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हेही माहीत आहे की उमदी जोडी आणि हलका छकडा एवढ्याने पट जिंकता येत नाही. धुरकरीही तोलामोलाचा लागतो. हलक्या स्पोर्ट्‌स कारचे शास्त्र याच तीन गोष्टींचे आहे. जोडीच्या जागी एंजिन येते, इतकेच.

प्रथम शक्तीचा विचार करू. एंजिनची अश्वशक्ती एकटी काही सांगत नाही. ती किती वजन ओढते हे पाहावे लागते. मारुती ८०० चे एंजिन सुमारे ३७ अश्वशक्तीचे आणि गाडीचे वजन सुमारे ६५० किलो होते. ७० किलोचा चालक धरला तर दर टनामागे ५१ अश्वशक्ती पडते. १९९६ साली बाजारात आलेल्या लोटस एलिस या इंग्रजी गाडीचे एंजिन ११८ अश्वशक्तीचे होते, म्हणजे काही अचाट नव्हे. पण अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यामुळे गाडीचे वजन सव्वासातशे किलोच्या आसपास राहिले आणि हेच प्रमाण १४८ वर गेले. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी १९५७ च्या ‘लोटस सेव्हन’पासून हाच मार्ग धरला होता. आपल्याकडेही हा प्रयोग झाला. अलिबागजवळ कार्लेखिंड येथे चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीवर रोडस्टर बांधली आणि तीत इसुझुचे १.८ लिटरचे एंजिन बसवले. टनाहून अधिक वजनाच्या अँबेसडरमध्ये शांतपणे काम करणारे हे एंजिन फायबरग्लासच्या हलक्या देहात आले की त्याचा स्वभावच पालटतो. गोव्याच्या सॅन मोटर्सची ‘स्टॉर्म’ तर अवघ्या ६० अश्वशक्तीची, रेनोच्या ११४९ सीसी एंजिनची होती. तिला कोणी वेगाची राणी म्हटले नाही, पण दोन माणसांची, उघड्या टपाची ती गाडी मुळात आनंदासाठी घडवलेली होती.

आता वळण. येथे विद्यार्थी हमखास चकतात, म्हणून थोडे थांबू. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक ०.८ धरला आणि वळणाची त्रिज्या ३० मीटर मानली, तर ते वळण घेण्याची कमाल गती ताशी सुमारे ५५ किलोमीटर निघते. या गणितात अश्वशक्ती कोठेच येत नाही; एंजिन ३७ चे असो की ३०० चे, वळणाला त्याची दखल नाही. याहून नवल असे की वजनही येत नाही! वस्तुमान वाढले की बाहेर फेकणारी ओढ वाढते, आणि टायरची पकडही त्याच प्रमाणात वाढते. समीकरणाच्या दोन्ही बाजूंनी वस्तुमान उडून जाते. मग हलकेपणाचे एवढे कौतुक कशाला?

याचे उत्तर असे की खरा टायर पाठ्यपुस्तकातल्या लाकडी ठोकळ्यासारखा वागत नाही. त्याच्यावरचा भार दुप्पट केला तर पकड दुपटीहून कमी वाढते. वळणावर आतल्या चाकांचा भार बाहेरच्या चाकांवर सरकतो; गाडी जितकी जड व उंच, तितका जास्त सरकतो आणि चारही चाकांची मिळून पकड घटते. शिवाय जड गाडीला एका वळणातून काढून उलट्या वळणात घालायचे तर तिच्या देहाचे जडत्व आडवे येते, आणि ब्रेकला जास्त गतिज ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. म्हणूनच कुशल अभियंता वजन नुसते घटवत नाही. एंजिनसारखे जड भाग खाली व मध्याकडे आणतो. एलिसचे एंजिन चालकाच्या पाठीमागे, पण मागच्या आसाच्या पुढे असते. उलाळ गाडीचे जे दुखणे, त्यावरचाच हा उपाय आहे.

टायरची पकड ही महिन्याच्या पगारासारखी असते. ब्रेक, वळण आणि वेगवाढ या तिघांचा खर्च त्या एकाच रकमेतून भागवायचा असतो. वळणात सगळी पकड वळण्यासाठी लागलेली असताना जोराने ब्रेक दाबला, तर टायर कर्जात जातो आणि घसरतो. पुढची चाके आधी घसरली तर गाडी सरळ बाहेर जाते. मागची आधी घसरली तर ती भोवऱ्यासारखी फिरू लागते. मागच्या चाकांवर शक्ती असलेल्या गाडीत वळणाच्या मध्यावर अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबणे जितके धोक्याचे, तितकेच घाबरून तो एकदम सोडणेही धोक्याचे असते. कारण भार पुढे सरकतो आणि मागची चाके हलकी होतात. चालकाचे कौशल्य ते येथे. वेग वळणाच्या आधी कमी करणे, चाक एकाच सावकाश हालचालीत फिरवणे, नजर वळणाच्या पलीकडे ठेवणे, आणि रस्ता सरळ होऊ लागल्यावरच शक्ती देणे, हा त्याचा क्रम आहे.

ही कसोटी स्वच्छ पाहायची तर सर्वांना एकच एंजिन द्यावे. कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी उभ्या केलेल्या ‘फॉर्म्युला मारुती’ गाड्यांत मारुती ८०० चेच एंजिन असे. त्यांत शर्यती खेळलेले नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारे पहिले भारतीय ठरले. आपल्याच राज्यात, पीथमपूरला, २००७ पासून भरू लागलेल्या ‘बाहा’ स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी एकाच ठरावीक लहान एंजिनावर स्वतः गाड्या बांधून आणीत आणि खडबडीत मार्गावर चार तास पळवीत. एंजिन समान असल्याने तेथे बांधणीची आणि हाताची परीक्षा होते.

हा विषय या व्यासपीठावर मांडण्याचे कारण केवळ कुतूहल नव्हे. १९८९ साली आलेल्या माझ्दा एमएक्स-५ या जगप्रसिद्ध हलक्या स्पोर्ट्‌स कारचे प्रमाण, चालक धरून, दर टनामागे सुमारे ११३ अश्वशक्ती होते. आता २०० सीसीची, २४ अश्वशक्तीची, दीडशे किलोची मोटारसायकल घ्या आणि तीवर ७० किलोचा मुलगा बसवा. उत्तर येते १०९. म्हणजे आपल्या चौकातून शाळकरी वयाची पोरे जी वाहने नेतात, त्यांत शक्ती स्पोर्ट्‌स कारची आहे. पण जमिनीला टेकणारे टायर चारऐवजी दोन, भोवती पत्रा नाही, आणि चालवणाऱ्याला ब्रेकचा धडा कोणी दिलेला नाही. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली, आणि त्यांतील सुमारे ७१ टक्के मृत्यू सरकारी अहवालाने अतिवेगाच्या खाती नोंदवले आहेत.

छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो. तेथील एखादे वळण ३० मीटर त्रिज्येचे आहे असे समजा. कोरड्या रस्त्यावर मर्यादा ५५ ची. पावसाने घर्षणांक ०.४ वर आला तर ती ३९ होते, आणि माती वाहून आली असेल तर आणखी खाली. सरळ रस्त्यावर, कोरड्या डांबरावरदेखील, ताशी ६० च्या वेगाला ब्रेक लागल्यावर थांबायला सुमारे १८ मीटर लागतात, ९० ला ४०. आणि धोका दिसून पाय हलेपर्यंतच्या एका सेकंदात आणखी १७ वा २५ मीटर निघून जातात. १२५ सीसीहून मोठ्या दुचाकींना २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले, हे चांगलेच झाले. ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणे हे त्याचे काम. वळणावरची ५५ किंवा ३९ ची मर्यादा त्याने वाढत नाही.